तारीख ठरली आहे



मला ‘निवृत्तीनंतरचे दिवस’ या विषयावर पाच मिनिटं बोलायला सांगितलं आहे. विषय बदलतो, माफ करा. येत्या १८ तारखेला माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. ग्रुपवरच्या अर्ध्या लोकांना ठाऊक आहे, उरलेल्यांना आज कळावं.

सातवीत माझे सांधे सुजायचे, आठवतं? आज गुडघा, तर चार दिवसांनी घोटा. घशाच्या संसर्गानंतर येणारा तो संधिवाताचा ताप होता. तो सांध्यांतून निघून जातो, हृदयाच्या झडपेवर मात्र खूण ठेवून जातो. तेव्हा दर २१ दिवसांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन असायचं. काय दुखायचं, बाप्पा! दोन दिवस लंगडत शाळेत यायचो. पीटीच्या सरांनी मला धावू दिलं नाही, पण घरीही बसू दिलं नाही. मॅचचा स्कोअर लिहायला बसवलं. सर, तुम्ही समोर आहात म्हणून आज सांगतो, त्या वहीमुळे मी टीममध्ये होतो.

कॉलेजात गेल्यावर इंजेक्शनं मीच सोडली. बरं वाटत होतं ना! दोष माझाच.

झडप वर्षानुवर्षं आकसत गेली. मागच्या पावसाळ्यात फुटाळ्यावर फिरताना तुम्ही तिघं पुढे निघून गेलात आणि मी फोन आल्याचं नाटक करून थांबलो. फोन नव्हता, दम लागला होता. नंतर इको झाला. डॉक्टरांनी सगळं नीट समजावलं. हृदय थांबवून तेवढा वेळ रक्त यंत्रातून फिरवतात, हे त्यांनी सहज सांगितलं. मी त्याच वाक्यावर अडकलो. पुढचं काही ऐकूच आलं नाही.

त्या आठवड्यात ग्रुपवर लसूण, अर्जुनाची साल आणि ‘ऑपरेशनशिवाय ब्लॉकेज उघडा’ असे बरेच सल्ले आले. प्रेमानेच आले. पण माझ्या नळ्या स्वच्छ आहेत, बिघाड दाराचा आहे.

मग ब तुकडीतली आपली मैत्रीण घरी आली. तिची झडप आधीच बदललेली, हे इतकी वर्षं मलाही माहीत नव्हतं. तिने धीर-बिर दिला नाही. म्हणाली, “जाग येईल तेव्हा तोंडात नळी असेल, बोलता येणार नाही. घाबरू नकोस, खुणा आधीच ठरवून ठेव. खोकताना उशी छातीशी घट्ट धर. दात आत्ताच दाखवून घे. आणि घरी आल्यावर एखाद्या दिवशी उगाच रडू येईल, येऊ दे.” पहिल्या रात्री टिकटिक ऐकून तिने उशाखाली घड्याळ शोधलं होतं म्हणे. आम्ही दोघं इतके हसलो की बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. त्या रात्री मी झोपलो.

जैविक झडप काही वर्षांनी झिजते. यांत्रिक टिकते, पण रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर. माझे ठोके आधीच अनियमित, म्हणजे गोळी तशीही सुटणार नव्हती. म्हणून यांत्रिक ठरली. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत घडलेली, धातूच्या चौकटीत प्लॅस्टिकची चकती. डॉ. वलियाथन यांच्या चमूची आधीची तीन मॉडेलं बाद झाली, चौथं जमलं. डिसेंबर १९९० मध्ये ते पहिल्यांदा रुग्णाला बसवलं. आपल्यातही गणितात तितकेच प्रयत्न केलेले दोघं-तिघं आहेत, नावं घेत नाही.

त्या गोळीमुळे पातळभाजी बंद होईल का, असं काल एकाने काळजीने विचारलं. बंद नाही. फक्त एक दिवस पातेलंभर आणि मग महिनाभर नाही, असं चालत नाही. पालकाचं प्रमाण सारखं हवं आणि रक्ताची तपासणी वेळेवर.

भीती गेली, असं म्हणणार नाही. रोज संध्याकाळी तीन गोळ्यांच्या यंत्रात श्वास ओढतो. दोन गोळ्या वर जातात, तिसरी अजून हलत नाही. पण आयसीयूबाहेर बायकोसोबत कोण कधी बसणार, याचं टाइमटेबल तुम्ही मला न विचारताच केलंत. पहाटेच्या पाळीला ज्याचं नाव आहे तो दहावीपर्यंत कधी पहिल्या तासाला वेळेवर आला नव्हता. तेवढं बघा.

रक्तदाते हवे आहेत. जेवणाच्या रांगेत लागण्याआधी इकडे येऊन नाव आणि रक्तगट सांगा. मी लिहून घेतो, वही आणली आहे.