चापाला बोट न लावता सुटणारी गोळी

रायफलच्या बोल्टच्या, म्हणजे काडतूस नळीत ढकलून मागून वाट बंद करणाऱ्या भागाच्या, पोटात एक बारीक पोलादी सळई असते. ती फायरिंग पिन. चाप ओढला की हॅमर तिच्या मागच्या टोकावर बसतो, पुढचं टोक काडतुसाच्या बुडाशी असलेल्या टोपीवर आदळतं आणि दारू पेटते. आजचं व्याख्यान या सळईबद्दल आहे, कारण काही जुन्या रायफलींत चापाला कुणी हात न लावताही ती आपलं काम करून मोकळी होते.

सोव्हिएत अभियंता सर्गेई सिमोनोव्ह यांची एसकेएस घ्या. 7.62 मिलिमीटरची, 10 काडतुसांची, 1949 मध्ये सैन्यात आलेली. पुढे चीन आणि युगोस्लाव्हियानेही ती बनवली. सुरुवातीच्या एसकेएसमध्ये पिनेला मागे रेटून धरणारी स्प्रिंग होती. पुढे ती काढून टाकली आणि पिन बोल्टमध्ये मोकळी राहिली. काडतूस भरताना बोल्ट वेगाने पुढे येऊन थांबतो, पिन मात्र थांबत नाही. बसने करकचून ब्रेक मारल्यावर उभे प्रवासी पुढे जातात, तशी ती पुढे जाते. असं भरलेलं काडतूस न उडवता बाहेर काढून पाहिलं, तर टोपीवर टाचणीच्या डोक्याएवढा खळगा दिसू शकतो.

लष्करी काडतुसांच्या टोप्या टणक असतात, त्या एवढा टोला सोसतात. सारा हिशेब त्यावर बेतलेला होता. पण लष्कराने मोडीत काढलेल्या या रायफली अमेरिका-कॅनडात नागरिकांकडे गेल्या. तिथे मऊ टोपीची काडतुसं आली, आणि कोठारात चोपडलेलं ग्रीस वर्षानुवर्षांनी पिनेच्या वाटेत घट्ट झालं. पिन पुढे अडकून बसली, की बोल्ट मिटताक्षणी बार होतो, त्याच्या जोराने पुढचं काडतूस चढतं, तेही उडतं आणि मॅगझिन रिकामं होईपर्यंत हे थांबत नाही. सेफ्टीचा खटका चाप अडवतो, पिनेला नाही. बोल्ट पुरता बंद होण्याआधीच बार झाला तर काडतुसाचं कवच फुटून तापलेला वायू नेमबाजाच्या तोंडाकडे येतो.

उपाय म्हणजे स्प्रिंगची पिन बसवणं. हॅमरच्या घावापुढे ही स्प्रिंग नमते, नुसत्या धक्क्यापुढे नमत नाही. आपल्या इशापूरच्या कारखान्यातल्या एसएलआर रायफलीमध्ये अशी स्प्रिंग मुळातच होती. अमेरिकेच्या एम-16 रायफलीलाही सुरुवातीला हाच त्रास झाला. तिथे पिनेचं वजन घटवलं गेलं.

बोल्ट नीट साफ ठेवला की पुरे, असं सांगणारे जाणते नेमबाज आहेत. मला ते पटत नाही. साफसफाई माणसाच्या आठवणीवर चालते. स्प्रिंग विसरलेल्या दिवशीही पिन मागेच धरते. मात्र साफसफाई टळत नाही, कारण ग्रीस साचलं तर स्प्रिंगही हरते. जुनी पिन असेल तर साफ केलेला बोल्ट कानाशी हलवा, आतून खुळखुळ यायला हवी. स्प्रिंगची पिन खुळखुळणार नाही; ती मागून दाबली की पुढे टोक दिसावं, सोडताच आत जावं.

काम जाणकार बंदूक-कारागिरानेच करावं. एसकेएसची पिन उलटी बसू शकते, आणि उलटी बसली की ती नेमकी पुढेच अडकते. बदलल्यावर पहिल्या चाचणीला मॅगझिन भरू नये. नळी मातीच्या बांधाकडे धरून आधी एकच काडतूस, मग दोन. आणि दोन्ही वेळा बोल्ट सोडताना बोट चापाबाहेर.