जवांमर्दी कशास म्हणावे?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



‘जवांमर्द’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तलवार येते. आपल्या शेजारच्या चाकणच्या किल्ल्यात १६६० साली फिरंगोजी नरसाळा लढला, तो जवांमर्दच. पण फारसीतून आलेल्या या शब्दाला सूफी साधूंनी निराळा अर्थ दिला. दुसऱ्याचा हक्क पुरता द्यावा, आपला मात्र मागू नये, ही त्यांची जवांमर्दी. उझबेक साहित्यात हा गुण फार वाखाणला आहे. अलीशेर नवाई (१४४१–१५०१) या महाकवीने तर स्वकष्टाची भाकरी खाणाऱ्या म्हाताऱ्या मोळीविक्याला दानशूर हातिमताईहून थोर ठरविले.

तिकडेच खिवा शहरात सुमारे सातशे वर्षांपूर्वी पहलवान महमूद नावाचा मल्ल होऊन गेला. कातड्याचे अंगरखे शिवून तो पोट भरी, कविताही करी. एका हिंदुस्थानी मल्लाशी त्याची कुस्ती ठरली. त्या मल्लाची आई लेकाच्या जयासाठी देवाची करुणा भाकताना त्याने ऐकली, आणि आखाड्यात तो आपण होऊन हरला, अशी आख्यायिका आहे. ज्याला जिंकता येते, त्यानेच असे हरावे!

इतके दूर तरी कशाला जावे? आपल्या इंद्रायणीकाठी देहूला तुकोबांनी सावकारीची खते धाकट्या भावाबरोबर वाटून घेतली आणि आपला वाटा तेवढा डोहात बुडविला, असे चरित्रकार सांगतात. भावाचा वाटा त्यांनी बुडविला नाही, हे आपण विसरतो.

आता घरची गोष्ट. यजमानांचा कारखाना पाच महिने बंद होता. भिशीचा हप्ता देता येणार नाही, हे सांगायला मी मान खाली घालून गेले. वही सांभाळणाऱ्या बाई एवढेच म्हणाल्या, “तुमचा हप्ता आला आहे.” पापड लाटून संसार चालविणाऱ्या एका मैत्रिणीने तो भरला होता. मला कळले ते वर्षाने, तेही दुसरीकडून. पैसे परत द्यायला गेले, तर म्हणते, “कसले गं पैसे?”

ती या सभेत बसली आहे. नाव सांगत नाही. सांगितले तर तिने जपलेले मौन मी मोडले असे होईल.

भगिनींनो, कुणाची अडचण दिसली तर मदत करू या, आणि केली हे विसरून जाऊ या. तलवारीवाचून साधणारी ही जवांमर्दी आपल्यालाही जमण्याजोगी आहे.