गांवचीं शाळामंडळें आणि त्यांचा संघ

लोकशाही म्हटली, कीं आपल्या डोळ्यांपुढें विधिमंडळें आणि निवडणुकांचा गदारोळ उभा राहतो. परंतु लोकशाहीची खरी कसोटी पुष्कळदां भव्य सभागृहांत लागत नसून, एखाद्या लहानशा गांवांतील पांच-सात माणसांच्या बैठकींत लागते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत अशा बैठकी हजारों ठिकाणीं नियमानें भरतात. त्या तेथील स्कूल बोर्डांच्या, म्हणजे शाळामंडळांच्या, बैठकी होत. ह्या मंडळांना साह्य करणाऱ्या संघांविषयीं आज मी आपणांशीं चार शब्द बोलणार आहें.

प्रथम शाळामंडळ म्हणजे काय, तें पाहूं. अमेरिकेच्या राज्यघटनेंत शिक्षणाचा उल्लेखच नाहीं. त्यामुळें तो विषय घटक राज्यांकडे आहे, आणि राज्यांनीं त्याचा दैनंदिन कारभार बहुतांशीं स्थानिक मंडळांच्या हातीं सोंपविला आहे. ही परंपरा फार जुनी. मॅसॅच्युसेट्स वसाहतीनें १६४७ मध्यें असा कायदा केला, कीं पन्नास कुटुंबांच्या गांवानें मुलांना लिहिणें-वाचणें शिकविण्यास शिक्षक नेमावा, आणि शंभर कुटुंबें झालीं म्हणजे वरच्या दर्जाची शाळा काढावी. पुढें १८२६ मध्यें त्याच राज्यानें शाळांच्या देखरेखीसाठीं प्रत्येक गांवानें स्वतंत्र समिति निवडावी असें ठरविलें, आणि शाळांचा कारभार गांवच्या इतर कारभारापासून वेगळा झाला. १९३२ च्या सुमारास त्या देशांत १,२७,००० हून अधिक शालेय विभाग होते. लहान विभाग एकत्र करण्याच्या धोरणामुळें आज ते सुमारें १३,००० उरले आहेत. हवाई राज्यांत तर सर्व राज्याचा मिळून एकच विभाग आहे.

मंडळाचे सभासद बहुतेक ठिकाणीं मतदारांनीं निवडून दिलेले असतात, आणि पुष्कळांना ह्या कामाचें वेतन नसतें. कोणी शेतकरी, कोणी दुकानदार, कोणी वकील, कोणी घर सांभाळणारी गृहिणी. निवडून आल्यावर थोड्याच दिवसांत त्यांच्यापुढें लक्षावधि, कधीं कोट्यवधि डॉलरांचें अंदाजपत्रक येतें. शाळांचा मुख्य अधिकारी, ज्याला तेथें सुपरिंटेंडेंट म्हणतात, तो त्यांनीं नेमावयाचा. शिक्षकांशीं करार त्यांनीं करावयाचे. इमारती, मोटारगाड्या, अपंग मुलांची सोय, ग्रंथालयांतील पुस्तकें, ह्या सर्वांचा निर्णय त्यांच्याच माथीं. ह्यांपैकीं एकाही विषयाचें ज्ञान निवडणुकीनें मिळत नाहीं. मतदारांनीं अधिकार दिला. परंतु जाणतेपण कोणीं द्यावयाचें? ह्या प्रश्नाचें उत्तर म्हणून शाळामंडळांचे संघ जन्मास आले.

असा पहिला राज्यसंघ पेन्सिल्व्हेनियामध्यें १८९५ सालीं स्थापन झाला. पुढच्याच वर्षीं न्यू यॉर्कनें त्याचें अनुकरण केलें. १९४० मध्यें राज्यसंघांनीं मिळून एक राष्ट्रीय संस्था काढली, आणि १९४८ मध्यें तिनें ‘नॅशनल स्कूल बोर्ड्स असोसिएशन’ हें नांव घेतलें. हे संघ म्हणजे सरकारी खातीं नव्हेत. नफा मिळवून वांटून घेणें हा त्यांचा हेतु नाहीं. सभासद-मंडळांची वार्षिक वर्गणी आणि केलेल्या कामाचें शुल्क ह्यांवर त्यांचा मुख्यतः निर्वाह चालतो. मंडळाला हुकूम देण्याचा अधिकार संघाला नाहीं. मंडळानें सल्ला झिडकारला, तर संघाला गप्प बसावें लागतें. त्याचें सारें वजन उपयुक्ततेवर आहे.

ही उपयुक्तता कोणत्या प्रकारची? पहिलें काम नव्या सभासदांना शिकविण्याचें. अंदाजपत्रक कसें वाचावें, सभा कशी चालवावी, आणि मुख्य म्हणजे मंडळाचें काम कोठें संपतें व अधिकाऱ्याचें कोठें सुरू होतें, हें त्यांना समजावून द्यावें लागतें. मंडळानें धोरण ठरवावें, अधिकाऱ्यानें तें अंमलांत आणावें, आणि मंडळानें पुन्हां त्याचा जाब विचारावा, अशी ही वांटणी आहे. ती बोलण्यास सोपी, पाळण्यास कठीण.

ती न पाळल्यास काय होतें, ह्याचें एक उदाहरण सांगतों. न्यू यॉर्क राज्यांतील रॉझलिन येथील शाळा फार नांवाजलेल्या. तेथील मुलें उत्तमोत्तम महाविद्यालयांत जात. २००२ मध्यें हिशेबांतील अफरातफरीचा एक भाग मंडळाला कळला, तेव्हां शाळांची अब्रू जाऊं नये म्हणून तें प्रकरण चारचौघांत न आणतां मिटविण्यांत आलें. २००४ मध्यें सर्वच गोष्ट उघडकीस आली, आणि २००५ च्या सरकारी हिशेबतपासणींत हा आंकडा १ कोटि १० लक्ष डॉलरांहून अधिक निघाला. सभासदांनीं स्वतः पैसा खाल्ला नव्हता. त्यांनीं विश्वास टाकला होता, आणि विश्वासाच्या भरांत हिशेब विचारला नव्हता. त्याच वर्षीं राज्यानें कायदा करून नव्या सभासदांना आर्थिक देखरेखीचें सहा तासांचें शिक्षण सक्तीचें केलें. तें शिक्षण देण्यास शाळामंडळांचा संघ पुढें आला. कारण तेंच काम तो आधींपासून करीत होता.

दुसरें काम कायद्याच्या सल्ल्याचें. प्रत्येक लहान मंडळाला स्वतःचा निष्णात वकील ठेवणें परवडत नाहीं. संघ नमुन्याचे नियम तयार करतो, नवा कायदा झाला कीं तो सोप्या भाषेंत कळवितो, आणि महत्त्वाच्या खटल्यांत सर्व मंडळांच्या वतीनें न्यायालयापुढें आपलें म्हणणें मांडतो. न्यू यॉर्क राज्यांतीलच आयलंड ट्रीज येथील मंडळानें १९७६ मध्यें शाळेच्या ग्रंथालयांतून कांहीं पुस्तकें काढलीं. विद्यार्थी न्यायालयांत गेले, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोंचलें. पुस्तकांतील विचार आवडत नाहींत एवढ्याच कारणास्तव मंडळाला तीं काढतां येणार नाहींत, असें मत तेथें १९८२ मध्यें न्यायमूर्तींच्या एका गटानें दिलें. अशा वेळीं आधीं मिळालेला सल्ला नंतरच्या खटल्याहून किती स्वस्त पडतो, हें निराळें सांगावयास नको.

तिसरें काम सहकाराचें. सुपरिंटेंडेंटच्या जागेसाठीं योग्य माणूस शोधून देणें, विम्यासाठीं अनेक मंडळांचा सामाईक निधि उभारणें, अशा गोष्टी संघ करतो. टेक्ससचा संघ, जो १९४९ मध्यें स्थापन झाला, तो असा निधि चालविण्यांत विशेष पुढें आहे.

चौथें काम राजधानींत गाऱ्हाणें मांडण्याचें. १९७५ मध्यें अमेरिकेच्या केंद्र सरकारनें अपंग मुलांना योग्य शिक्षण देणें शाळांवर बंधनकारक केलें. कायदा अत्यंत स्तुत्य. परंतु त्यामुळें पडणाऱ्या बोजापैकीं, दर विद्यार्थ्यामागील राष्ट्रीय सरासरी खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत वांटा केंद्रानें उचलण्याची जी योजना होती, ती आजवर कधींच पुरी झाली नाहीं. उरलेला भार राज्यांवर आणि गांवांवर पडला. ही मागणी एकट्या गांवाच्या तोंडून ऐकूं जाणार नाहीं. ती संघ दरवर्षीं चिकाटीनें करीत आला आहे.

परंतु श्रोतेहो, अनेकांच्या वतीनें बोलण्याचा अधिकार ही नाजूक ठेव असते. महासाथीच्या काळांत मुखपट्टी आणि पाठ्यक्रम ह्यांवरून मंडळांच्या सभांत मोठी रणें माजलीं. कांहीं सभासदांना धमक्या आल्या. २९ सप्टेंबर २०२१ रोजीं राष्ट्रीय संघानें राष्ट्राध्यक्षांना पत्र लिहून संरक्षण मागितलें. भीति खरी होती. परंतु पत्रांत अशा कांहीं कृत्यांची तुलना देशांतर्गत दहशतवादाशीं केली गेली. आपल्याच मुलांविषयीं तळमळीनें बोलणारे आईबाप त्यामुळें दुखावले. आम्हांला विचारलें नाहीं, अशी अनेक राज्यसंघांनीं तक्रार केली. २२ ऑक्टोबरला राष्ट्रीय संघानें क्षमा मागितली. तरीहि वीसांहून अधिक राज्यसंघ पुढें त्यांतून बाहेर पडले, आणि त्यांपैकीं पुष्कळांनीं आपली निराळी संस्था उभारली. ऐंशी वर्षांत जोडलेलें घर एका पत्रानें दुभंगलें. सेवेनें मिळालेला विश्वास सभासदांना न विचारतां खर्च करतां येत नाहीं, हा त्यांतील बोध.

आपल्याकडेहि ह्या विषयाचा धागा आहे. स्थानिक संस्थांना आपल्या हद्दींत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करतां यावें, असें विधेयक नामदार गोखल्यांनीं १९११ मध्यें आणलें. तें पुढच्या वर्षीं नामंजूर झालें. १९१८ मध्यें विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नानें मुंबई इलाख्यांतील म्युनिसिपालिट्यांना तो अधिकार मिळाला, आणि १९२३ च्या कायद्यानें प्राथमिक शाळांचा कारभार स्थानिक संस्थांच्या स्कूल बोर्डांकडे आला. पुढें १९४७ चा नवा कायदा झाला, आणि १ मे १९६२ पासून जिल्ह्यांच्या शाळा जिल्हा परिषदांकडे गेल्या. आज शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यानें, विनाअनुदानित शाळा वगळून, प्रत्येक शाळेला व्यवस्थापन समिति आहे. तींत निदान तीन चतुर्थांश सभासद पालक, आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. शाळेच्या विकासाचा आराखडा तिनें करावयाचा, आणि मिळालेल्या अनुदानाच्या विनियोगावर लक्षहि तिनेंच ठेवावयाचें.

ह्या समित्यांत मोलमजुरी करणाऱ्या माता आहेत, शेतकरी आहेत, लहान दुकानदार आहेत. कायद्यानें त्यांना खुर्ची दिली. परंतु हिशेबाची वही समोर आली असतां कोणत्या ओळीवर बोट ठेवावें, हें त्यांना कोणी शेजारी बसून दाखविलें पाहिजे. सरकारी प्रशिक्षण हवेंच; पण ज्याचा हिशेब तपासावयाचा, त्यानेंच तपासणीची विद्या शिकवावी, ही व्यवस्था अपुरी. समित्यांनीं एकमेकींच्या आधारानें उभें राहावें, वर्गणी काढावी, जाणता माणूस नेमावा, आणि चुका एकमेकींस मोकळेपणानें सांगाव्या, एवढें तरी आपणांस अमेरिकेच्या अनुभवावरून घेतां येईल.

आपणांपैकीं अनेकजण सुशिक्षित आहां, हिशेब जाणतां, कायदा वाचूं शकतां. आपल्या वस्तीजवळील सरकारी किंवा नगरपालिकेच्या शाळेच्या समितीला महिन्यांतून एक सायंकाळ दिलीत, तर तिच्या सभासदांना प्रश्न विचारण्याचें बळ येईल. आणि प्रश्न विचारणारी समिति असली, म्हणजे शाळेची काळजी करणारें माणूस गांवांत आहे, असें खुशाल समजावें.