सॉना म्हणजे आराम नव्हे, तो ट्रेनिंगचाच भाग

(या भागाचं लिखित रूप. बोलतानाचे ‘अं’ आणि ‘म्हणजे’ थोडे कमी केलेत, बाकी जसं बोललो तसंच.)

 

आजचा भाग माझ्या हनुवटीवरच्या व्रणापासून सुरू करतो. ऑडिओ आहे त्यामुळे तुम्हाला दिसणार नाही, पण आहे. चार टाके.

गोष्ट नोव्हेंबरमधली. रविवार होता. पुण्यात सकाळी १८ किलोमीटरचा लाँग रन झाला आणि तिथून मी थेट जिमला गेलो. जिममध्ये नवीन सॉना सुरू झाला होता आणि माझ्या डोक्यात एकच, की आता मस्त रिकव्हरी करायची. पूर्ण रनमध्ये जेमतेम अर्धा लिटर पाणी प्यायलो असेन. नाश्ता नाही. फोन बाहेर लॉकरमध्ये, आत घड्याळ नाही. मग मी मनाशी ठरवलं, शेजारी बसलेले काका उठेपर्यंत आपण उठायचं नाही. साधारण साठीचे होते ते. काका काही उठेनात. शेवटी उठले, मग मीही झटकन उठलो. त्यानंतरचं आठवतंय ते थेट फरशी, आणि काकांचा आवाज, "अरे बाळा, पडून राहा. पाय वर कर, पाय वर."

त्या दिवशी डॉक्टर टाके घालताना म्हणाल्या, "१८ किलोमीटर पळून आलास आणि मग परत व्यायाम करायला आत बसलास?" मी म्हटलं, "नाही मॅडम, आराम करायला." त्या हसल्या.

आजचा पूर्ण भाग त्या हसण्यावर आहे. सॉना आपल्याला आराम वाटतो, कारण आपण नुसते बसलेलो असतो. शरीरासाठी तो आराम नसतो, काम असतं. हे लक्षात ठेवून वापरला तर त्याचा खेळात खरोखर फायदा होतो. नाही ठेवलं, तर टाके.

आता मला सॉनाचं वेड लागलं कुठून? मी मूळचा अकोल्याचा. म्हणजे उष्णता आपल्याला फुकट मिळालेली, त्यासाठी पैसे मोजावेत असं कधी वाटलं नव्हतं. पण कंपनीनं एका प्रोजेक्टसाठी हिवाळ्यात फिनलंडला पाठवलं, एस्पोला. हेलसिंकीला लागूनच आहे हे शहर. तिथे आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर सगळ्यांचा मिळून एक सॉना होता. आपल्या सोसायटीत पाण्याची वेळ ठरलेली असते ना, तशी तिथे प्रत्येक घराची सॉनाची वेळ ठरलेली. ५५ लाखांच्या आसपास लोकसंख्येच्या या देशात सॉना आहेत तीसेक लाख. २०२० मध्ये युनेस्कोनं तिथल्या सॉना संस्कृतीला वारसा म्हणून मान्यता दिली.

तिथे मला एक गोष्ट दिसली. किती मिनिटं बसलो हे कुणी सांगत नाही. गरम झालं की उठतात, बाहेर थंडीत उभे राहतात, पाणी पितात, वाटलं तर परत आत. चढाओढ नाही. आणि जिथे चढाओढ झाली तिथे काय झालं तेही ऐका. फिनलंडमधल्या हाइनोला गावात सॉनामध्ये जास्तीत जास्त वेळ बसण्याची जागतिक स्पर्धा व्हायची, ११० अंश तापमानात. २०१० च्या फायनलमध्ये दोघे जण कोसळले, त्यातल्या एकाचा मृत्यू झाला. त्यानंतर ती स्पर्धा कायमची बंद झाली. मी नोव्हेंबरमध्ये काकांशी जी स्पर्धा लावली होती ती तीच. फक्त काकांना ते माहीत नव्हतं.

बरं, आत बसल्यावर होतं काय?

पारंपरिक सॉना म्हणजे ८० ते १०० अंश, पण हवा कोरडी. कोरडी असते म्हणूनच सहन होते, घाम लगेच उडून जातो. जिममधली स्टीम रूम वेगळी. तिथे तापमान ४०-५० अंशच, पण हवा पाण्यानं भरलेली. दोन्हीला एकच समजू नका.

आत गेल्यावर शरीर उष्णता बाहेर टाकायला बघतं. त्यासाठी त्वचेखालच्या रक्तवाहिन्या फुलतात आणि बरंच रक्त त्वचेकडे वळतं. तेवढं पुरवायला हृदयाला जोर लावावा लागतो. बसल्या बसल्या ठोके १००-१२० वर जातात, कधी त्याहून वर. एका बैठकीत अर्धा लिटर घाम सहज जातो. मी आधीच पळून, घाम गाळून आलेलो. रक्तवाहिन्या फुललेल्या, रक्तातलं पाणी कमी. अशात झटकन उभा राहिलो, रक्त पायात उतरलं, मेंदूला पोचलं नाही. घेरी आली. इतकं साधं कारण आहे.

पण याच कहाणीची दुसरी बाजू फायद्याची आहे. हा ताण रोज थोडा थोडा दिला की शरीर म्हणतं, "बरं, हे आता रोजचंच दिसतंय." मग ते तयारी करतं. मीठ आणि पाणी धरून ठेवतं आणि रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, वाढवतं. घाम लवकर सुटायला लागतो. त्याच वेगानं पळताना ठोके कमी पडतात, कारण प्रत्येक ठोक्याला जास्त रक्त पुढे ढकललं जातं. अकोल्यात मार्चअखेर जीव नकोसा होतो आणि मे महिन्यात आपण त्याच उन्हात लग्नाच्या पंगतीत वाढत असतो, ते याच्यामुळेच. साधारण १-२ आठवड्यांत शरीर हे शिकतं. आणि उष्णता बंद केली की काही आठवड्यांत विसरतंही.

यावर २००७ मध्ये न्यूझीलंडमधल्या संशोधकांचा एक अभ्यास छापून आला. सहा स्पर्धात्मक धावपटू. तीन आठवडे ते नेहमीच्या ट्रेनिंगनंतर लगेच साधारण अर्धा तास, ९० अंशांच्या सॉनामध्ये बसले. दुसरे तीन आठवडे सॉना नाही, फक्त ट्रेनिंग. सॉनानंतर त्यांचा प्लाझ्मा साधारण ७ टक्के वाढला. आणि ट्रेडमिलवर ठरलेल्या वेगानं दमेपर्यंत पळायची वेळ ३२ टक्क्यांनी वाढली.

आता तुमच्या रील्समध्ये हा ३२ चा आकडा येतो. "सॉना घ्या, ३२ टक्के फास्ट व्हा!" थांबा. दमेपर्यंत किती वेळ पळता हे वेगळं आणि रेसमध्ये किती लवकर पोचता हे वेगळं. संशोधकांनीच ते रेसच्या वेळेत मोजलं तर सुधारणा येते साधारण २ टक्के. माझी हाफ मॅरेथॉन २ तास १० मिनिटांची. म्हणजे अडीच मिनिटं. आणि अभ्यासात माणसं सहाच, हेही विसरू नका. पण महिनोन्‌महिने पळूनही अडीच मिनिटं कमी होत नाहीत, हे पळणाऱ्यांना माहितीये. म्हणून मला त्यात रस.

मोठ्या खेळाडूंना तर याची गरज फार. २०१९ ची दोहाची जागतिक स्पर्धा आठवा. उष्णतेमुळे महिलांची मॅरेथॉन मध्यरात्री सुरू केली, तरी तापमान ३० च्या वर आणि हवा दमट. ६८ जणी निघाल्या, २८ जणी पूर्ण करू शकल्या नाहीत. अशा ठिकाणी जायचं तर शरीर आधीच उष्णतेला तयार हवं.

आता रिकव्हरी. इथेच माझी चूक झाली होती. पाय मोकळे वाटतात, झोप छान लागते, हे खरं. पण 'बरं वाटणं' आणि 'शरीर भरून येणं' एकच नाही. जर्मनीत २० जलतरणपटू आणि ट्रायथलीट घेऊन एक प्रयोग झाला. कडक ट्रेनिंगनंतर सॉना, आठ-आठ मिनिटांच्या तीन फेऱ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ते जोरात पोहले, तर सॉना घेतल्यावर त्यांची वेळ बिघडली. म्हणजे कठीण सेशनवर आणखी एक सेशन चढवलं गेलं. उद्या सकाळी जोर लावायचा असेल तर आज रात्री लांबलचक सॉना नको. सर्व्हरवर आधीच ९० टक्के लोड असताना कुणी लोड टेस्ट चालवत नाही. मी रविवारी तेच केलं होतं.

आणखी एक गैरसमज, वजन. सॉनानंतर काटा खाली येतो ते पाणी असतं, चरबी नाही. जेवलात-प्यायलात की परत. कुस्तीत वजनगटासाठी हा प्रकार चालतो आणि तो किती जिवावरचा आहे बघा. १९९७ च्या शेवटी अमेरिकेत महिना-दीड महिन्याच्या आत तीन कॉलेज कुस्तीपटू वजन उतरवताना गेले. त्यानंतर तिथे कॉलेज कुस्तीत वजनासाठी सॉना आणि रबरी सूट वापरण्यावर बंदी आली. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट १०० ग्रॅमसाठी फायनलमधून बाद झाली, तेव्हा आदल्या रात्री वजन कमी करायला काय काय करावं लागलं ते आपण सगळ्यांनी वाचलंय. खोली तीच, पण काम अगदी उलटं. तिथे शरीर सुकवायचं असतं. आपल्याला सॉनानंतर पाणी पिऊन शरीराला ते साठवायला शिकवायचंय.

मग टाके निघाल्यावर मी काय केलं?

डॉक्टरांना विचारलं, बीपी तपासलं. जानेवारीत मुंबईची हाफ होती. डिसेंबरचे तीन आठवडे ठरवले. आठवड्यात चार दिवस, फक्त हलक्या रनच्या दिवशी. रन संपला की लगेच, शरीर गरम असतानाच आत. पहिल्या आठवड्यात १० मिनिटं आणि खालच्या बाकावर, कारण वर जास्त गरम असतं. दुसऱ्यात १५. तिसऱ्यात २०, कधी २५. बाहेर लटकवायला वीस रुपयांची एक शिट्टी घेतली नाही, पण मित्राला सोबत घेतला. एकट्यानं बसायचं नाही. उठायच्या आधी दोन मिनिटं खालच्या बाकावर, मग हळूच उभं राहायचं आणि बाहेर येऊन परत बसायचं.

आधी आणि नंतर वजन. माझं साधारण ७०० ग्रॅम उतरायचं. मग पुढच्या दोनेक तासांत लिटरभर लिंबूपाणी, मीठ-साखर घालून. आजीची रेसिपी, नवीन काहीच नाही. आणि एक शीट, इंजिनिअर आहे शेवटी: तारीख, मिनिटं, वजन, सकाळचे ठोके.

त्या शीटनंच मला वाचवलं. पहिल्या आठवड्यात सकाळचे ठोके ५४ वरून ५८ वर गेले. आधीचा मी म्हटला असता, चालतंय. या वेळी एक दिवस सुट्टी घेतली आणि एक रन कमी केला. सॉना ट्रेनिंगमध्ये मोजायचा म्हणजे हेच. काहीतरी वाढवलं तर काहीतरी कमी करायचं. तिसऱ्या आठवड्यात ठोके ५२ वर आले आणि हलक्या रनच्या वेगाला पाचेक ठोके कमी पडू लागले. यात डिसेंबरच्या थंडीचाही वाटा असणार, उगाच सगळं श्रेय सॉनाला देत नाही. रेसच्या पाच दिवस आधी सॉना बंद.

मुंबईत सूर्य वर आला की दमटपणा कसा चिकटतो ते माहितीच आहे. आदल्या वर्षी पेडर रोडच्या चढावर मी चाललो होतो, कमरेवर हात ठेवून. या वर्षी पळत चढलो. हळू, पण पळत. २ तास ११ वरून २ तास ८. सॉनामुळे किती आणि शहाणपणामुळे किती, कोण सांगणार!

सॉना नसेल तर? वेल्सच्या बँगर विद्यापीठात सहा दिवस रनिंगनंतर ४० अंशांच्या गरम पाण्यात ४० मिनिटांपर्यंत बसवून बघितलं, उष्ण हवेत पळायची वेळ जवळपास ५ टक्के सुधारली. आता बाथटब कुणाकडे आहे ते सोडा! आपल्याकडे एप्रिल आहेच. पहाटे साडेपाचऐवजी कधीतरी साडेसातला, अगदी हळू, अर्धा तास पळा. भर दुपारी मात्र अजिबात नाही.

शेवटचं, लक्षात ठेवायचं. ताप असताना नाही. दारू पिऊन तर नाहीच. हृदयाचा त्रास, बीपीची गोळी किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टर. आणि मुलांनो, लाजू नका, ऐका. इटलीत १० पुरुषांवर अभ्यास झाला, आठवड्यातून दोनदा सॉना, तीन महिने. शुक्राणूंची संख्या घटली, बंद केल्यावर काही महिन्यांत परत आली. बाळाचा विचार चालू असेल तर थांबा.

ते काका अजून भेटतात. परवा मी आधी उठलो. काका म्हणाले, "एवढ्यात झालं?" म्हटलं, "हो काका, आजचं ट्रेनिंग झालं."

पाणी प्या, हळू उठा. भेटू पुढच्या भागात!