दिवेलागणीला मूल चाचपडतंय का?

 

आमच्या शहापूर-मुरबाडच्या बचत गटातली एक ताई पावसाच्या तोंडावर वीटभट्टीवरून घरी आली. तिची चार वर्षांची पोर दिवसभर अंगणात हुंदडायची, पण दिवेलागण झाली की आईचा पदर सोडायची नाही. पुढ्यातली ताटलीसुद्धा चाचपडायची. घरचे म्हणायचे, पोर भित्री आहे. आम्हीही हसलो. आशाताईंनी मात्र ओळखलं, ही भीती नाही, हा रातांधळेपणा आहे. आरोग्य केंद्रात डोस मिळाला आणि थोड्याच दिवसांत पोर संध्याकाळी खेळू लागली. आमचं ते हसणं आम्हाला अजून टोचतं.

कमी उजेडात दिसायला डोळ्याला 'अ' जीवनसत्त्व लागतं. ते कमी पडल्याची पहिली खूण म्हणजे रातांधळेपणा. पुढे डोळा कोरडा, निस्तेज होतो. पांढऱ्या भागावर साबणाच्या फेसासारखा डाग येतो. तरीही दुर्लक्ष केलं तर बुबुळ मऊ पडून जखम होते, आणि मग गेलेली नजर परत येत नाही. गोवर किंवा हगवण झालेल्या मुलाला धोका जास्त.

यावर सरकारी डोस फुकट आहे. पहिला नवव्या महिन्यात, गोवर-रुबेलाच्या लशीबरोबर. दुसरा दीड वर्षाला. मग दर ६ महिन्यांनी, ५ वर्षांपर्यंत. एकूण ९ डोस.

आपल्याकडे घोळ होतो तो भट्टीमुळे. दिवाळीनंतर घरं बाहेर पडतात ती पावसाळ्यालाच परततात, आणि मधला डोस हुकतो. म्हणून गाठोडं बांधताना आधी माता-बाल संरक्षण कार्ड ठेवा. भट्टीजवळच्या अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात ते दाखवा आणि डोस मागून घ्या.

ताटात शेवग्याचा पाला, माठ, टाकळा, लाल भोपळा, पिकलेली पपई, जमेल तेव्हा अंडं असू द्या. भाजीला थोडं तेल हवंच, त्याशिवाय हे जीवनसत्त्व अंगी लागत नाही.

गरोदर बाईलाही संध्याकाळी दिसेनासं होऊ शकतं. तिने ते लपवू नये, दवाखान्यात सांगावं. पण मुलांचा डोस स्वतःच्या मनाने घेऊ नये. जास्त मात्रा पोटातल्या बाळाला बाधते.

आज दिवेलागणीला एवढं करा. अंगणात एक वाटी ठेवा आणि पोराला आणायला सांगा. चाचपडलं तर हसू नका. सकाळी उठून आशाताईंचं घर गाठा.