बाजार, परीक्षा आणि मायबोली



जागतिकीकरण आणि भाषा हा विषय निघाला की चर्चा बहुधा मॉल, मोबाइल आणि इंग्रजी पाट्यांपाशी घुटमळते. लातूरहून नांदेडकडे जाणाऱ्या रस्त्यावरील चाकूरला या गोष्टी उशिराने पोहोचल्या. जागतिक बाजारपेठ मात्र त्याआधीच शेताच्या बांधावरून येथे दाखल झाली होती. तिचे नाव सोयाबीन.

गेल्या काही दशकांत लातूर जिल्ह्यातील ज्वारीचे मोठे क्षेत्र या पिकाने व्यापले. ब्राझील-अर्जेंटिनात पीक कसे आले, दिल्लीने खाद्यतेलावरील आयात शुल्क किती ठेवले, यावर लातूरच्या आडतीतील भाव हलू लागला. शेतकऱ्याने पैशाचे पीक निवडले. त्यास दोष कोण देणार? परंतु ज्वारीबरोबर हुरडा, कडबा, पेंढी, गंजी, बुचाड, पेव हा शब्दांचा अख्खा संसारही मागे सरला. वेळा अमावास्येला शेतात कडब्याची कोप उभारण्याची रीत आहे. ज्याच्या रानात ज्वारीच नाही, त्याला देवाच्या कोपीसाठीही कडबा शोधत फिरावे लागते.

या सणाला इथला माणूस ‘येळवस’ म्हणतो, आणि तो शब्द कन्नडमधून आल्याचे मानले जाते. कन्नड, तेलुगू, उर्दू यांचे कितीतरी शब्द मराठवाडी बोलीने पचवले आणि ती अधिकच ठसकेबाज झाली. तेव्हा उसन्या शब्दांचे भय बाळगण्याचे कारण नाही. भय असते ते भाषेची जागा जाण्याचे.

निजामाच्या राजवटीत हेच घडले. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते, दरबार आणि कचेरी उर्दूत होती. बहुसंख्यांच्या मराठीला उरले घर, शेत आणि कीर्तन. त्या काळोखात हिप्परग्याच्या आणि अंबाजोगाईच्या शाळांतून स्वामी रामानंद तीर्थांनी स्वत्व जागे ठेवले आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. त्या कारभाराचा व्रण पुढेही राहिला. २०२३ मध्ये मराठवाड्यात निजामकालीन नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणारे जाणकार शोधण्याची वेळ आली. आजोबांच्या नावाची नोंद नातवाला वाचता येत नव्हती.

आज निजाम नाही, फर्मान नाही. वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा २०१७ पासून मराठीतूनही देता येते. मग चाकूरचा विद्यार्थी ती मराठीत देतो काय? दहावीनंतर तो ‘लातूर पॅटर्न’च्या ओढीने लातूरला जातो आणि तेथे अकरावी-बारावीचे विज्ञान इंग्रजीतच असते. शिकवणी इंग्रजीत, पुस्तक इंग्रजीत, सराव इंग्रजीत. शेवटच्या तीन तासांसाठी मराठी कोण निवडणार? दार उघडे आहे, पण तेथवर जाणारा रस्ताच बांधलेला नाही. पालकांना नावे ठेवणे सोपे आहे. पोटाला चिमटा काढून शिकवणीचे शुल्क भरणारा बाप भाषेचा शत्रू नसतो; त्याने बाजाराचा कल ओळखलेला असतो.

किंमत मात्र त्याच घरात मोजली जाते. मुलगा दहावीपर्यंत ‘प्रकाशसंश्लेषण’ शिकला, अकरावीत तो शब्द त्याच्या हातून सुटला. पान पिवळे का पडते हे वडील बोलीत सांगतात, मुलगा इंग्रजीत जाणतो. दोघांचे ज्ञान एकाच बांधावर उभे, आणि संवाद नाही.

मराठीचे सामर्थ्य कमी पडते म्हणावे, तर स्वातंत्र्यवीर सावरकरांचे ‘दिनांक’, ‘महापौर’, ‘चित्रपट’ कसे रुजले? कचेरीने, नगरपालिकेने, जाहिरातीने ते रोज वापरले म्हणून. तणनाशक, शेततळे, ठिबक हे शब्द तर जागतिकीकरणाच्याच काळात शेतकऱ्याच्या तोंडी बसले. चाकूरच्या कृषी सेवा केंद्रात ते कोणी समजावून सांगत नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. प्राचीन ग्रंथांचे संशोधन त्यातून होईल, व्हायलाच हवे. पण अकरावीच्या जीवशास्त्राचे उत्तम मराठी पुस्तक आणि ते दोन्ही भाषांत शिकवणारा शिक्षक ही मागणी लातूरच्या महाविद्यालयांकडे आणि शिकवणी वर्गांकडे चाकूरच्या पालकांनीच करावी लागेल. शुल्क भरणाऱ्याचे म्हणणे बाजार सहसा ऐकतो.