1912 वर बोलणारा माणूस

आपल्या शिरूरच्या बेट भागात ऊस आहे, उसात बिबट्या आहे आणि शेतीपंपाची थ्री फेज लाईट पाळीपाळीनं रात्रीही येते. त्यात डीपी, म्हणजे रोहित्र, जळाली की शेतकरी महावितरणचा 1912 हा तक्रार क्रमांक लावतो. असं फोनवरचं बोलणं आता संगणकाकडून तपासून घेता येतं. आवाजाचा मजकूर होतो, लँग्वेज मॉडेल तो वाचतं आणि शेरा मारतं: समाधानी, नाराज किंवा तटस्थ. खासगी कॉल सेंटरांत हे रुळलंय. उद्या ते आपल्या तक्रारींपर्यंत आलं, तर त्या शेऱ्यावरून कुणाची डीपी आधी बदलायची हे ठरू नये, एवढंच सांगायला मी आज उभा आहे.

मराठीत या विषयावर चांगलं काम झालंय, तेही पुण्यात. एल-थ्री-क्यूब या गटानं 2021 मध्ये ‘महासेंट’ हा संच खुला केला. महाराष्ट्रातल्या नामवंतांच्या खात्यांवरची सुमारे 16 हजार ट्विट निवडून माणसांनी एकेकावर भावनेचा शिक्का मारला. पुढे 2023 मध्ये त्यात चित्रपटांची परीक्षणं आणि मालिकांच्या संवादांची भर पडली. या गटाचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण ट्विट सवडीनं लिहिलेलं असतं. वाऱ्यात, बांधावर उभं राहून केलेला फोन त्याच्यासारखा कसा असेल?

समजा, असा एक फोन आला: “चार दिस झालं साहेब, वायरमन फोन उचलंना. लई उपकार होतील, तेवढं बघा.” यात शिवी नाही, आवाज चढलेला नाही. साहेब आहे, उपकार आहेत. मॉडेल याला सहज तटस्थ ठरवील. दुसरीकडे एका तासाच्या खोळंब्यावर कुणी कडाडून बोलला, तर तो ‘अतिनाराज’ म्हणून यादीत वर जाईल. ज्याला सरकारदरबारी आवाज चढवायची सवयच नाही, त्याचा ऊस मात्र वाळत राहील. मला हा उघड अन्याय वाटतो.

फोन घेणाऱ्या मुलीचंही तेच. डीपी तिनं जाळलेली नसते, पण ग्राहकाचा राग तिच्या कामाच्या गुणांतून वजा होऊ शकतो. युरोपीय संघानं 2 फेब्रुवारी 2025 पासून, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं सोडून, नोकरीच्या जागी माणसाच्या आवाजावरून वा चेहऱ्यावरून भावना ताडणाऱ्या यंत्रणांवर बंदी घातली आहे. आपल्याकडेही यावर बोलायला हवं.

मग मॉडेल नकोच का? हवं की! शेतकऱ्यांच्या प्रश्नांना फोनवर उत्तरं देणारं किसान कॉल सेंटर जानेवारी 2004 मध्ये सुरू झालं. त्याच्या नोंदींत जिल्हा, तालुका, पीक, प्रश्न आणि दिलेलं उत्तर असतं. मॉडेलला असंच नोंदी घेण्याचं काम द्या. गाव कोणतं, फीडर कोणता, लाईट किती दिवस नाही, पाळी रात्रीची आहे का, हे त्यानं बोलण्यातून वेचावं. दौंडहून पुण्याला रोज ये-जा करणारा रेल्वेच्या 139 वर गाडीची तक्रार करतो, तिथेही गाडी, डबा आणि वेळ एवढं आधी टिपावं. एकाच डीपीवरचे दहा फोन एकत्र दिसले, तर अभियंत्याचाही वेळ वाचेल. आणि ‘तक्रार निवारण झाली’ असा मेसेज सुटण्याआधी मोटार चालू झाली का, हे त्याच शेतकऱ्याला फोन करून विचारावं.